बदली बावड्याला

आषाढात कुंभी नदी पात्राबाहेर आली की कोल्हापूर-गगनबावडा रस्ता मांडुकली, खोकुर्ले, शेणवडे या टापूत पाण्याखाली जातो आणि एस.टी. वाटेतूनच माघारी फिरते. जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस गगनबावड्याचा, म्हणजे लोकांच्या तोंडच्या बावड्याचाच, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे. गावाच्या टोकाशी करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट, आणि घाट उतरला की कोकण. तालुका लहान, पस्तीस-छत्तीस हजार वस्तीचा. शाळा मात्र बोरबेटपासून धनगरवाड्यांपर्यंत डोंगरभर पसरलेल्या. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने ‘बावड्याला टाकलं’ एवढेच सांगितले तरी ऐकणाऱ्याला पुढचे कळते.

शिक्षकाच्या नोकरीला किती संरक्षण असावे, हा वाद जगभर चालतो. अमेरिकेत तो एकाच प्रश्नावर येऊन थांबतो: वाईट शिक्षकाला काढता येते की नाही? बावड्याच्या मुलखात गेल्या शंभर वर्षांत प्रश्न वेगळाच राहिला. इथे शिक्षक टिकतो की नाही, हीच चिंता. त्यामुळे शिक्षकाला कोण काढू शकतो, कोण हलवू शकतो आणि त्याचे पदच कोण पुसून टाकू शकतो, या तीन गोष्टींचा इतिहास इथून पाहिला तर तो पुण्या-मुंबईतून दिसतो तसा दिसत नाही.

बावडा हे पंत अमात्यांचे. ‘आज्ञापत्रा’मुळे नाव राहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या वंशजांची ही जहागीर कोल्हापूर संस्थानाच्या नऊ मांडलिक जहागिरींपैकी एक होती. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला आणि करवीर पेट्यातल्या चिखलीपासून १९१८ मध्ये शाळा उघडायला सुरुवात केली. चार वर्षांत त्या चारशेच्या पुढे गेल्या. एवढ्या शाळांना मास्तर आणायचे कोठून, हा त्या हुकुमातला सर्वांत अवघड भाग होता. गावात टिकणारा मास्तर कसा मिळवावा याचे एक उत्तर पस्तीस वर्षे आधी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे मांडले होते: मास्तर शेतकरी समाजातून घ्यावेत, त्यांना प्रशिक्षण द्यावे आणि पगार महिना बारा रुपयांपेक्षा कमी नसावा. मास्तर गावातलाच असला आणि पोटापुरते मिळवत असला तर गाव सोडणार नाही, हा त्यामागचा हिशेब होता. नोकरीच्या हमीची चर्चा या साध्या हिशेबापासून किती लांब गेली, हे पुढच्या कायद्यांवरून दिसते.

संस्थानात मास्तरची नोकरी दरबाराच्या मर्जीवर होती. शेजारच्या ब्रिटिश मुलखात ती १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने लोकल बोर्डांच्या ताब्यात गेली. लोकशाहीचा पहिला अनुभव शिक्षकांना असा मिळाला की बोर्डाचा जो सभासद निवडून येईल त्याच्या विरोधात काम केलेला मास्तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या टोकाला. १९३८ मध्ये मुंबई प्रांताच्या पहिल्या काँग्रेस सरकारने कायदा दुरुस्त करून बोर्डाचा प्रशासन अधिकारी सरकारी नोकर केला, तो याच कटकटीतून. १९४७ च्या नव्या कायद्यानेही तीच दिशा धरली. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि हा कायदा बावड्यालाही लागू झाला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्यावर प्राथमिक शिक्षक जिल्हा परिषदेचा नोकर झाला. शिस्त आणि अपिलाचे नियम दोन वर्षांत आले. चौकशीशिवाय बडतर्फी नाही, अपिलाचा हक्क, निवृत्तिवेतन. कागदावर पाहिले तर प्राथमिक शिक्षकाचा प्रश्न इथे सुटला.

सुटला तो अर्धाच. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला काढणे अवघड झाले, पण हलवणे फार सोपे राहिले. मे महिना हा बदल्यांचा हंगाम. सभापतींच्या दारात, आमदारांच्या बंगल्यावर, संघटनेच्या पुढाऱ्यांच्या मागे लोक फिरत. करवीर, हातकणंगले, शिरोळ ही नावे एका बाजूला आणि गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगड, भुदरगड दुसऱ्या बाजूला. बडतर्फीच्या फाइलला वर्षे लागत, बदलीला एक सही पुरे. साहजिकच शिक्षा करायची तर बदलीने, बक्षीस द्यायचे तर बदलीने. या व्यवहारात बावड्याच्या वाट्याला नवखे तरी येत, नाहीतर वरच्यांच्या मर्जीतून उतरलेले. दोघांचेही लक्ष परतीच्या अर्जावर. नवख्यांतले काही तिथेच रमले, गावाशी नाते जोडून बसले, ही गोष्ट वेगळी. त्यांचे श्रेय त्या व्यवस्थेला देता येणार नाही.

माध्यमिक शाळांची कथा याच्या उलट. कोल्हापूरच्या पट्ट्यात माध्यमिक शिक्षण उभे केले ते खासगी संस्थांनी. कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील यांची रयत शिक्षण संस्था, बापूजी साळुंखे यांनी १९५४ मध्ये सुरू केलेली स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था, आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांनी गारगोटीत रुजवलेले मौनी विद्यापीठ. पहिल्या पिढीचे संस्थाचालक स्वतः फाटक्या धोतरात राहत, तेव्हा शिक्षकानेही कमी पगारात राहावे ही अपेक्षा त्यांच्या तोंडी शोभून दिसे. पुढे संस्था वाढल्या. सरकार पगाराचे अनुदान देऊ लागले आणि साखर कारखाना, दूध संघ, शाळा अशी साखळी एकाच घरात गेली. पगार सरकारचा आणि मालकी अध्यक्षांची, अशी ही रचना. शिक्षकाला नेमणारा आणि काढणारा मात्र अध्यक्षच. कोऱ्या कागदावर राजीनाम्याची सही घेऊन ठेवणे, पूर्ण पगारावर सही घेऊन हातात कमी देणे, निवडणुकीत वर्गाऐवजी प्रचाराला जुंपणे, हे प्रकार सर्वांना माहीत होते आणि कोणी लिहून देत नव्हते. माध्यमिक शाळा संहिता होती, पण तिला न्यायालयात कायद्याचे वजन नव्हते.

‘महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम’ आला १९७७ मध्ये आणि अंमलात यायला १५ जुलै १९८१ उजाडला. मधली चार वर्षे कशी गेली याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही; संस्थाचालकांपैकी बरेच जण विधानभवनातच बसत होते. त्या काळाची हवा तापलेलीच होती. १९७७-७८ च्या हिवाळ्यात र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्याचे कर्मचारी आणि शिक्षक ५४ दिवस संपावर होते. त्या संपाची मुख्य मागणी महागाई भत्त्याची होती, पण शाळांना टाळे लावण्याइतकी आपली ताकद आहे हे शिक्षकांना तिथे कळले.

या कायद्याची कलमे वाचली तर ती कोणत्या अनुभवातून लिहिली गेली हे ओळीओळीत दिसते. कायम रिकाम्या जागेवर नेमलेल्या शिक्षकाची परिवीक्षा दोन वर्षांची, आणि त्या काळात त्याला काढले नाही तर तो कायम झाला असे समजायचे. अध्यक्षांच्या हुकुमाची वाट पाहायची नाही. निलंबन झाले तर चौकशी चार महिन्यांच्या आत उरकण्याची तरतूद. चौकशी समिती तिघांची: एक व्यवस्थापनाचा, एक शिक्षकाने निवडलेला, आणि तिसरा पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून. राजीनाम्याचे कलम तर एखाद्या कादंबरीचा मजकूर होईल असे. राजीनाम्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक नोंदणीकृत टपालाने पाठवायची आणि दुसरी जवळ ठेवायची. टपालाच्या पावतीवर कायद्याने इतका विश्वास टाकला, कारण अध्यक्षांच्या टेबलाच्या खणातल्या कागदावर त्याचा विश्वास नव्हता. काढलेल्या शिक्षकाने तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायचे. असे एक न्यायाधिकरण कोल्हापुरातही आहे.

वेगळा कायदा करण्याचे शहाणपण सात वर्षांनी गोव्याच्या एका खटल्यात सिद्ध झाले. तिथल्या खासगी शाळेतल्या एका शिक्षिकेला १९७५ मध्ये कामावरून काढण्यात आले होते. आपण औद्योगिक विवाद कायद्याखाली ‘कामगार’ आहोत, असे तिचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितले की शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक हा त्या कायद्यातला कामगार नव्हे. म्हणजे गिरणीतल्या माणसाला जे दार उघडे होते ते शिक्षकाला बंद. महाराष्ट्रातल्या शिक्षकाला निदान न्यायाधिकरणाचे दार होते.

ते दार किती उपयोगाचे, हे औरंगाबादच्या एका प्रकरणात देशाला कळले. महापालिकेने एका संस्थेकडे ७९,९७४ रुपये कर मागितला. संस्थेने तो कर्मचाऱ्यांकडून वसूल करायचे ठरवले, दरमहा पंधराशे रुपये प्रत्येकी. एका शिक्षिकेने नकार दिला. तिच्या हाती एकामागून एक मेमो आले, २००६ मध्ये निलंबन झाले आणि २००७ मध्ये सेवासमाप्ती. न्यायाधिकरणाने तिला मागील पूर्ण पगारासह परत घ्यायला लावले, उच्च न्यायालयाने मागील पगार कापला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१३ मध्ये तो पुन्हा दिला. बेकायदा काढलेल्या माणसाला मागील पगारासह कामावर घेणे हाच सर्वसाधारण नियम, हे त्या निकालाने ठरले, आणि आज देशभरातले वकील तो उद्धृत करतात. शाळेचा कर भरायला नकार देणारी शिक्षिका वाईट शिक्षिका होती की चांगली, हा प्रश्न त्या सहा वर्षांत कोणाला विचारावा लागला नाही. नोकरीच्या हमीवर टीका करणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा तरी वाचावे.

टीका करणाऱ्यांचेही काही ऐकले पाहिजे. अमेरिकेत शिक्षकांच्या कायमपणाचा पहिला राज्यव्यापी कायदा न्यू जर्सीने १९०९ मध्ये केला, आणि कारण आपल्या लोकल बोर्डांचेच: निवडणूक बदलली की मास्तर बदलत. शंभर वर्षांनी कॅलिफोर्नियात नऊ विद्यार्थ्यांनी दावा लावला की दोन वर्षांत कायम होणाऱ्या आणि नंतर न हलणाऱ्या शिक्षकांमुळे गरीब वस्तीतल्या मुलांचे नुकसान होते. ‘व्हर्गारा’ म्हणून गाजलेल्या या खटल्यात २०१४ मध्ये खालच्या न्यायाधीशांनी ते कायदे रद्द ठरवले, २०१६ मध्ये अपिलात ते पुन्हा उभे राहिले. अपील न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: कोणत्या शाळेत कोणाला पाठवायचे हे प्रशासन ठरवते, कायदा नव्हे. दोन वर्षांची परिवीक्षा तिथेही आणि इथेही. आणि गरिबाच्या शाळेत कोणाला पाठवायचे, हा प्रश्न बावड्याच्या माणसाला कॅलिफोर्नियाच्या न्यायाधीशांनी समजावून सांगायची गरज नव्हती.

महाराष्ट्रातल्या शिक्षक संघटनांचे यश मोठे आहे. विधान परिषदेत शिक्षकांचे सात मतदारसंघ. पुणे विभागातला, ज्यात कोल्हापूर येते, तो २०२० मध्ये कोल्हापूरच्या जयंत आसगावकरांनी जिंकला. प्राथमिक शिक्षकाला मात्र या मतदारसंघात मत नाही, कारण राज्यघटनेने माध्यमिकपासून वरच्यांनाच ते दिले. मग प्राथमिकच्या संघटना आपले बळ प्राथमिक शिक्षक बँकेच्या निवडणुकीत आजमावतात आणि माध्यमिकचे लोक ‘कोजिमाशि’ पतसंस्थेच्या. या निवडणुकांचे फलक पाहून बाहेरच्याला विधानसभाच लागली आहे असे वाटावे. कर्ज, लाभांश, सभासद कल्याण निधी या गोष्टी शिक्षकाच्या घरात खऱ्या आहेत, त्यांना हसण्यात अर्थ नाही. पण ज्या ताकदीने आतल्यांचे राखले गेले, तिचा वाटा दाराबाहेर उभ्या असलेल्यांना फारसा मिळाला नाही, हेही खरे.

बाहेरची रांग २००० साली लागली. राज्याने ‘शिक्षण सेवक’ नावाचे नवे पद काढले: तीन वर्षे ठोक मानधन, नंतर नियमित वेतनश्रेणी. काम पूर्ण शिक्षकाचे. पुढे प्राथमिकचे मानधन सहा हजार झाले आणि तिथेच वर्षानुवर्षे थांबले. २०२३ मध्ये ते सोळा हजारांवर आले. शिक्षण सेवक आले त्याच सुमारास वस्तीशाळाही आल्या. धनगरवाड्यांसारख्या वस्त्यांवर गावातलाच एक तरुण महिना हजार रुपयांत मुलांना शिकवू लागला. हे वस्तीशाळा शिक्षक नियमित सेवेत घेतले गेले २०१४ मध्ये. २००१ मध्ये नव्या खासगी शाळांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर परवानगी मिळू लागली, आणि त्यांत लागलेले शिक्षक पंधरा-वीस वर्षे वीस टक्के, चाळीस टक्के अशा अनुदानाच्या टप्प्यांची वाट पाहत आझाद मैदानावर बसले. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. मे २०१२ मध्ये भरतीच थांबली. याच काळात डी.एड. कॉलेजांतून मुले बाहेर पडत होती. एकाच स्टाफरूममध्ये आता चार प्रकारचे शिक्षक बसू लागले आणि कायद्याची भिंत त्यांच्यापैकी एकाच्याच भोवती होती. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी सात दिवसांचा संप झाला, तेव्हा ही फट पहिल्यांदा सर्वांना एकदम जाणवली.

दरम्यान धोका तिसऱ्याच बाजूने आला. शिक्षकाची नोकरी पदावर, आणि पद पटावर. सेवेचा कायदा माणसाला अध्यक्षांपासून वाचवतो. पट घसरल्यावर अतिरिक्त ठरण्यापासून वाचवत नाही. समायोजन होते, म्हणजे नोकरी राहते आणि गाव जाते. पटाला नोकऱ्या बांधल्या की पट फुगतो, हे ऑक्टोबर २०११ च्या तीन दिवसांच्या पटपडताळणीत उघड झाले. राज्यभर लाखो मुले हजेरीपटावर होती आणि वर्गात नव्हती. दोष संस्थाचालकांचा मोठा, पण हजेरी भरणारा हात शिक्षकाचाच होता.

डोंगरात पट फुगवायलाही मुले नाहीत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक दिले, तेव्हा वाडीवरच्या शाळेला दुसरा माणूस मिळण्याची आशा निर्माण झाली. एकशिक्षकी शाळेवर जे. पी. नाईकांनी पूर्वी एक पुस्तकच लिहिले होते, आणि आजऱ्याच्या माणसाला तो विषय सुचावा यात नवल नव्हते. २०२३ मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा मोजल्या आणि त्या एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार मांडला. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेची मंजूर पदे ठरवण्याच्या, निर्णयाने कमी पटाच्या शाळांची पदे आणखी आखडली. त्याच वर्षी शिक्षक दिनाच्या मुहूर्तावर, वीस किंवा कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक पंधरा हजार रुपयांच्या कंत्राटावर घ्यायचा, असा निर्णय निघाला. २५ सप्टेंबरला शिक्षकांनी सामूहिक रजा टाकली. निर्णय आधी दहा पटापर्यंत आखडला आणि पुढच्या वर्षी रद्द झाला.

या सगळ्यात बावड्याला खरा दिलासा मिळाला तो एका रुक्ष शासन निर्णयातून. २७ फेब्रुवारी २०१७ रोजी जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांचे धोरण आले: अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्याला बदलीचा अधिकार, सोप्या क्षेत्रात दहा वर्षे झालेला बदलीपात्र, आणि सगळे संगणकावर. २०२१ च्या सुधारित धोरणात अवघड क्षेत्राचे सात निकष आहेत. दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, डोंगरी भाग, वन्यप्राण्यांचा उपद्रव, फोनची रेंज नसणे, महामार्गापासूनचे अंतर वगैरे. तीन लागू झाले की शाळा अवघड. बावड्याच्या वाड्यांना हे निकष शोधावे लागत नाहीत. सभापतींच्या दारातली गर्दी ओसरली. संघटनांनी आधी या धोरणाविरुद्ध मोर्चे काढले, कारण वर्षानुवर्षे शहराजवळ बसलेल्यांना प्रथमच उठावे लागणार होते. मोर्च्यात पुढे कोण होते आणि दुर्गम शाळेत कोण होते, या दोन याद्या एकमेकींवर ठेवून कोणी पाहिल्या असत्या तर संघटनेच्या राजकारणावर एक चांगला अभ्यास झाला असता. वाईट बाजू अशी की तीन वर्षांचा आकडा डोक्यात घेऊनच शिक्षक वर येतो. मुलाने पहिलीत ज्याच्या हाताला धरून अक्षर गिरवले तो चौथीत भेटेलच असे नाही.

नवा घाव अगदी अलीकडचा. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनही गेलेल्या एका प्रकरणात निकाल दिला: निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या, सेवेत असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावे, नाहीतर सेवा संपेल. ज्यांना पाच वर्षांहून कमी उरली त्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय बढती नाही. २००० साली, टीईटीचे नावही नसताना डी.एड.च्या गुणांवर लागलेला माणूस पंचवीस वर्षांनी पुन्हा परीक्षार्थी झाला. शिकवणाऱ्याची पात्रता तपासावी, हे म्हणणे गैर नाही. परीक्षेचीच पात्रता संशयास्पद असल्याने ते अवघड होते. २०१९-२० च्या टीईटीतले ७,८०० हून अधिक उमेदवार गैरप्रकारांमुळे बाद झाले होते, आणि परीक्षा परिषदेच्या तत्कालीन प्रमुखालाच पुणे पोलिसांनी अटक केली होती.

निकालानंतरची पहिली टीईटी २३ नोव्हेंबर २०२५ ला ठरली. तिच्या तोंडावर याच जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात पोलिसांनी प्रश्नपत्रिकेचा सौदा करणारी टोळी पकडली. बारा दिवसांनी, ५ डिसेंबरला, राज्यातल्या शिक्षक संघटनांनी टीईटीची सक्ती आणि मार्च २०२४ ची संचमान्यता या दोन्हींविरुद्ध शाळा बंद ठेवल्या. न्यायालयाने दिलेली दोन वर्षांची मुदत २०२७ च्या ऑगस्टअखेर संपते.